अंगातली चरबी

"तुमच्या रक्तात चरबी फार आहे," डॉक्टरांनी दादाला बजावलं, तेव्हा मांडीवर लेक घेऊन शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला हसूच आवरेना. दादाला सगळे काडी म्हणत. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. जिथे दुसऱ्याचा खांदा शिरत नसे, तिथे हा अख्खा शिरायचा.

डॉक्टर हसले नाहीत. "वडील कसे गेले?"

"अचानक. चाळिशीतच."

"मग हे घराण्यातलं असू शकतं. गोळी आजच सुरू करा. आणि ताई, तुमचंही कोलेस्टेरॉल तपासून घ्या."

जिन्यात धाकटीला राहवेना. "दादा, तुझ्या अंगात चरबी? दुर्बीण लावून तरी सापडेल का?"

"चरबी म्हणजे मस्ती गं! लहानपणापासून तूच म्हणतेस ना?"

दोघं पोट धरून हसली. गोळीची चिठ्ठी खिशात गेली ती गेलीच. लेक शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी ही बाई. पण ज्याच्या बरगड्या दिसतात त्याची कसली काळजी, असं तिला वाटलं.

काही महिन्यांनी शिडीवर असताना दादाची छाती आवळली, डावा हात जड झाला. "गॅस झालाय," म्हणत तो सोडा प्यायला आणि पुन्हा कामाला लागला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ही चरबी कमरेवर दिसत नाही. ती रक्तवाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षं साचते. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाला जाणारं रक्तच थांबतं. काटकुळ्या माणसालाही हे आईबापाकडून येतं.

बाकावरच्या वहिनीनं मान वर केली. "वन्सं, तुम्ही होतात ना बरोबर? काय म्हणाले होते तेव्हा डॉक्टर?"

"गोळी घ्या म्हणाले होते."

"मग?"

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. दादा गेला होता.

पुढे धाकटीच्या रक्तातही तेच निघालं. आज लेकीचं रक्त दिलंय. रिपोर्ट संध्याकाळी येईल. लेक हातावरची पट्टी मिरवत घरभर फिरतेय आणि आई दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघतेय.

तुमच्याही घरात 'मला काय धाड भरलीय' म्हणणारं कुणीतरी असेलच. त्याचे वडील, काका लवकर गेले असतील, तर रक्त शेवटचं कधी तपासलंस, एवढं आजच विचारा. उडवून लावलं, तर हाताला धरून न्या.