कापणारा हात

माझा वस्तरा माझ्या बापाचा. पोलादी पातं, शिंगाची मूठ, कणकवलीहून आमच्याबरोबर आलेला. दगडावर पाजवायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, की तो असा चालतो की गालाला पत्ता लागत नाही. बोरीवलीतल्या आमच्या सलूनमध्ये मात्र त्याला बंदी आहे. तिथे माझा मुलगा सौरभ ब्लेडचा वस्तरा वापरतो. कागदातच ब्लेड मोडायचं, अर्धं दांडीत सरकवायचं, दाढी झाली की फेकून द्यायचं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच बजावतं, "नवीन ब्लेड लाव हां, माझ्यासमोर." रोगराईची भीती असते, मला कळतं. एकाच वस्तऱ्याने दहा माणसांची दाढी करायचे दिवस गेले, ते बरंच झालं. तरी ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. चोर समजतात की काय आम्हाला?

आता खुर्चीमागे सौरभच उभा असतो. कारण माझा उजवा हात.

"हात कापता तुमचो," रुक्मिणी म्हणाली. माझी बायको मुंबईत म्हातारी झाली, पण मालवणी सोडली नाही.

"न्हाव्याचा हात कापायलाच असतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. मला मात्र माझा विनोद आवडला आणि मी तो महिनाभर सगळ्यांना ऐकवला.

सलून सुटलं, पण घरी रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून मी माझी दाढी बापाच्या वस्तऱ्यानेच करायचो. तेवढंच माझं उरलं होतं. तो वस्तरा हातात आहे तोवर मी न्हावी, नाहीतर पेपर वाचत बसणारा एक म्हातारा. जबड्याला कधी लागायचं. तुरटी फिरवायची आणि गप्प बसायचं. पण सौरभच्या नजरेतून काही सुटत नसे.

"बाबा, आता पुरे करा ना. दुकानातलं साधं रेझर आणून देतो."

"त्याने दुधी सोल," मी म्हणायचो.

एका सकाळी पहिल्याच ओढीला कळलं की काहीतरी बिनसलंय. वस्तरा केस कापत नव्हता, उपटत होता. आदल्याच दिवशी तर पाजवला होता. मी जरा दाबला. हात थरथरला, पातं घसरलं आणि हनुवटीखाली सर्रकन लागलं. टॉवेल लाल झाला. रुक्मिणीने अशी हाक मारली की सौरभ आंघोळ अर्धी टाकून, साबणासकट धावत आला.

"असं कसं झालं?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी तर धार घालवली होती!"

"काय केलं होतंस?"

"रात्री स्टीलच्या पेल्याच्या काठावर घासला. म्हटलं, बोथट असला की लागणार नाही."

मानेवर टॉवेल दाबून मी त्याच्याकडे वळलो. मग ओरडलो. "गाढवा, न्हाव्याचा पोरगा ना तू? बोथट वस्तराच तर लागतो! धार असली की तो आपल्या वजनाने चालतो. धार गेली की माणूस दाबतो, आणि दाबला की संपलं!" आमच्या गावच्या घरात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. पण सौरभला कुठून कळणार? त्याचं ब्लेड बोथट व्हायच्या आधीच कचऱ्यात जातं. एवढ्या रागातही मला हसू फुटलं.

सौरभ हसला नाही. "गळा कापला असता बाबा," तो म्हणाला, आणि तो बायकोमुलं असलेला बाप्या माझ्यासमोर हुंदके देऊन रडला.

तेव्हा मी म्हणालो, "हात कापतो रे माझा." ह्या वेळी विनोद नव्हता. बोलून झाल्यावर फार वाईट वाटलं.

सोमवारी सलून बंद असतं. जखम भरल्यावरच्या सोमवारी आम्ही दोघे तिथे गेलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. दगडावर त्याने वस्तरा बरा पाजवला. पट्ट्यावर मात्र सुरुवातच उलटी केली आणि माझ्या बापाच्या पट्ट्याला चीर पाडली.

"पाठ पुढे, धार मागे! किती वेळा सांगू?"

"एकदाच सांगितलंत," तो म्हणाला. ते खरं होतं.

पट्टा जमल्यावर मी खुर्चीत बसलो. त्याने फेस लावला, दोन्ही गाल केले.

"बाबा, मान वर करा."

आयुष्यभर मी हे दुसऱ्यांना म्हणत आलो. मान वर केली. गळ्याशी त्याचा हात थांबला.

"भीती वाटते?"

"हो."

"वाटू दे. फक्त दाबू नकोस."

त्याने दाबला नाही. वस्तरा गेला, गळ्याला पत्ता लागला नाही. मला रडू येत होतं, पण गळा हलवायची सोय नव्हती.

झाल्यावर त्याने वस्तरा पुसला आणि सवयीने हात कचऱ्याच्या डब्याकडे नेला.

"अरे ए!" मी किंचाळलो.

त्याने जीभ चावली. वस्तऱ्याला तेलाचं बोट लावलं, मिटला आणि स्वतःच्या खणात ठेवला. माझा हात पुढे झाला होता, तो मी मागे घेतला.

"उद्या किती वाजता येऊ?" मी विचारलं.

"पहिला नंबर तुमचा," सौरभ म्हणाला. "आणि बाबा, पाजवीन तुमच्यासमोर."