काळा झेंडू

दीपमालाला पुण्या-मुंबईच्या एखाद्या डिझाइन स्टुडिओत दोन महिने काम मिळवायचं होतं. ते केल्याशिवाय कॉलेज डिप्लोमा हातात देणार नव्हतं. वर्गातल्या बाकीच्यांचे मामा-काका मदतीला धावून आले. हिचा मामा निफाडला द्राक्षं काढत होता, तो काय कपाळ मदत करणार! मग तिनं ठरवलं, साधा अर्ज पाठवायचाच नाही; आपल्या हातानं छापलेलं पाकीट पाठवायचं.

मखमलाबादला त्यांच्या मळ्यात झेंडू होता. तिनं ठसे कोरायच्या मऊ लिनोच्या तुकड्यावर झेंडूचं फूल कोरलं, हातकागदाची पाकिटं चिकटवली आणि वाटीच्या बुडानं दाबून दाबून एकेक ठसा उठवला. शाई फक्त काळी. आत आपली ओळख, कामाचे नमुने आणि शेजारच्या भिकनच्या एसटीडी बूथचा नंबर. पाकिटं ओट्यावर वाळत घालून ती पोस्टात तिकिटं आणायला गेली.

परत येते तो काय, प्रत्येक पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं!

“आई, हे काय केलंस?”

“झेंडू काळा छापलास ना बाई,” फुलाबाई पदराला बोटं पुसत म्हणाली. “चांगल्या कामाला चाललेला कागद. असा काळा पाठवत्यात का कुनी? आता बघ, लय छान दिसतंय.”

“लग्नपत्रिका आहे का ही? वाटोळं केलंस सगळं! तुला काय कळतं यातलं? पुन्हा माझ्या कागदांना हात लावू नकोस.”

फुलाबाई करंडा उचलून आत गेली. हातकागद संपला होता, मुदत तोंडावर आलेली. दीपमालानं दातओठ खात तीच पाकिटं टपालात टाकली.

पुढे कुणाचंच उत्तर येईना. एक वर्ष फुकट जाणार, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं, तेवढ्यात एका सकाळी भिकन ओरडत आला, “दीपे, पळ! पुन्याचा फोन हाय!”

फोनवर स्टुडिओचे मालक स्वतः होते.

“अर्जांची पाकिटं आमच्याकडे एका खोक्यात पडतात,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तर कुणी उघडत नाही. तुमचं मात्र लग्नपत्रिका समजून शिपायानं थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. कुणाचं लग्न, म्हणून मी उघडलं!” ते मनापासून हसले. “काम आवडलं मला. पण काळ्या झेंडूला हळदीकुंकवाचे कोपरे, ही कल्पना तर फारच सुरेख. तुमचीच ना?”

हो म्हणायला काय जात होतं? शब्द अगदी ओठांवर आला होता.

“नाही सर. आईची. मी तर तिला त्यावरून नको नको ते बोलले.”



“बरं,” ते म्हणाले. “सोमवारपासून या. कामाची फाइल आणा बरोबर.”

सोमवारी निघताना फुलाबाईनं लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं. फाइल खुर्चीवर होती. फाइलीपासून मात्र फुलाबाई अंग चोरून उभी होती. त्या दिवसापासून ती दीपमालाच्या कागदांना शिवली नव्हती. केर काढतानासुद्धा त्यांना वळसा घालून जायची. दीपमालाला भरून आलं. तिनं फाइल उचलून आईपुढे धरली.

“चारही कोपऱ्यांना लाव.”

“नको गं. तुझी कामाची हाय ती,” फुलाबाई म्हणाली. “आन काळी पन हाय.”

“म्हणूनच म्हणते, लाव.”

फुलाबाईनं करंडा पुन्हा उघडला.