नकुसाचा गुण

घोडेगावात बिभीषणच्या घरी बारसं होतं, आणि सकाळपासून जो तो सुकन्याला कामाला लावत होता. नकुसा, घुगऱ्या उपस. नकुसा, पाळण्याची दोरी बघ. बिभीषणची ही थोरली बहीण. सुकन्या म्हणून कुणी हाक मारत नव्हतं, कारण त्या घरात ते नाव चालतच नव्हतं.

सुकन्या हे तिचं सासरचं नाव. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं काढलेलं. ते वाचून ती न्हाणीत जाऊन पोटभर रडली होती, तेही सुखानं. माहेरी ती नकुसाच. आईला, साळूबाईला, ओळीनं तिसरी पोरगी झाली, तेव्हा आता पोरगी नको, हे देवाच्या कानी जावं म्हणून ठेवलेलं नाव. आणि बघा, लगेच पुढच्या खेपेला बिभीषण झाला. झालं! नावाला गुण आला. साळूबाईनं हे गावभर असं सांगितलं, की पोर नव्हे, जणू औषधाची बाटलीच तिच्या पोटी आली होती.

पुढं नवरा गेला, दिरांनी दार लावून घेतलं, सुकन्या भावाकडे आली. उंबरा ओलांडला तशी आईनं हाक मारली, "ये गं नकुसा." नवऱ्यामागोमाग नावही गेलं.

आता बिभीषणच्या बायकोला, निकिताला, तिसरी मुलगी झाली होती. घरात सगळ्यांना एकच आठवलं. पण बिभीषण पडला सुधारलेला माणूस, दुधाचा धंदा, चारचौघांत ऊठबस. तो म्हणाला, "नकुसा आता ठेवता येत न्हाई. अंगणवाडीच्या बाई दारात येऊन भाषण देत्यात." मग आठवडाभर मोबाईलवर बोटं घासून त्यानं नाव काढलं, अंतिमा. "म्हंजी शेवटची. ऐकायला नवं हाय, अन् देवाला काय कळायचं ते कळंल."

याच्या गोठ्यात गायीचं नाव राणी, कालवडीचं नाव सोनपरी, आणि पोटच्या पोरीला हे. कुणालाही राग येईल. सुकन्यालाही आला. पण राग धरायचा तर पायाखाली स्वतःची जागा लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती.

"पाळण्यात नाव तूच घ्यायचं," बिभीषण म्हणाला. "आत्याचा मानच हाय. शिवाय तुझ्या तोंडून गेलं, की लागू पडंल."

"अन् न्हाई घेतलं तर?"

"तर तुझी सोय तू बघ," तो शांतपणे म्हणाला आणि धारा काढायला निघून गेला.

बारशाच्या सकाळी निकिता चुलीपाशी येऊन बसली. "वन्सं, ते नाव नका घेऊ. मी तोंड उघडलं तर थोरल्या दोघींच्या पाठीवर निघंल. तुमाला मान हाय."

"मग काय घेऊ?"

"काहीबी. गाईचं घ्या, पर हे नको."

सुकन्या हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. खोलीत जाऊन तिनं दोन लुगडी आणि नवऱ्याचा फोटो पिशवीत भरून ठेवला. जायचं कुठं, हे मात्र तिलाही माहीत नव्हतं.

दुपारी घर बायकांनी गच्च भरलं. निकिताच्या माहेरची माणसं देवळाली प्रवऱ्याहून टेम्पो करून आली होती. साळूबाई नटूनथटून पाळण्याशी उभी राहिली आणि पाहुणीला सांगू लागली, "आमच्या नकुसाच्या नावाचा गुण लई मोठा." बिभीषण दारात मोबाईल धरून उभा होता.

सुकन्यानं पाळण्यात डोकं घातलं. मागून बायका हसत हसत पाठीत गुद्दे घालू लागल्या, तशी रीतच आहे, पण कुणाच्या हातात जरा जास्तच जोर होता. खाली पाळणा, वर हात, चहूबाजूंनी लुगड्यांची भिंत. तिला श्वास पुरेना. पोर टक्क जागी होती आणि तिच्याकडे बघत होती.

कुठलं नाव घ्यावं? घेतलं असतं एखादं गोड. पण भाऊ हसून म्हणाला असता, आत्याची हौस झाली, आणि उद्या ग्रामपंचायतीत जाऊन अंतिमाच लिहून आला असता. आणि अंतिमा म्हणावं, तर ही पोर आयुष्यभर हाकेला ओ देत राहणार, जशी आपण दिली. सुकन्याला सगळीकडून दार बंद दिसलं. मग तिनं कानात कुर्र केलं, डोकं वर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नकुसा."

गुद्दे थांबले. पाहुण्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"हे काय?" बिभीषणनं मोबाईल खाली केला. "असलं नाव ठेवत्यात व्हय पोरीचं? लोक काय म्हनतील?"

"का? मला चाललं की. तुला तेच म्हनायचं हाय ना, मग सरळ म्हन. अंतिमाचा अर्थ पाव्हण्यांना सांग की तुझ्या तोंडानं."

निकिताच्या आईनं विचारलं, "काय हो जावईबापू, काय अर्थ?" त्यानं मान खाली घातली. साळूबाईचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "तुला एवढं लागत हुतं, तर इतक्या वर्सांत कदी बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू, आई? तू मला हाकच तशी मारत हुतीस."

साळूबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यात निकितानं पाळण्यातून पोर उचलली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "हिचं नाव सुकन्या. वन्संचं नाव. माझ्या आईबापासमोर सांगते, हेच लिहायचं."

बिभीषणनं दात आवळले. भरल्या घरात करतो काय? "सकाळी बघू," एवढं बहिणीला म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

त्याच्या 'बघू'चा अर्थ सुकन्याला पक्का ठाऊक होता. ती खोलीत गेली आणि पिशवी उचलली. निकिता मागोमाग आली. तिनं पिशवी काढून घेतली, वन्संना बळेच भिंतीशी बसवलं आणि पोर त्यांच्या मांडीवर दिली.

"झोपली तर हलवायची न्हाई," ती म्हणाली. "मला पंगत वाढायचीय."

पोर झोपली. बाहेर पंगती उठल्या, टेम्पो गेला, अंधार पडला. सुकन्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती उठली नाही.