काळ्या दोऱ्याच्या गाठी

माझी नात अकरावीत गेली त्या वर्षी तिला एक जुनं शोकांत नाटक अभ्यासाला होतं, आणि नाटकासोबत एक वाचनवही. सरांचा नियम साधा होता. एक प्रवेश वाचून झाला की मनात आलं ते त्याच दिवशी लिहायचं, खोडायचं नाही, दुसऱ्याचं उचलायचं नाही. पन्नासपैकी पंचवीस गुण त्या वहीचे होते.

दुपारी कॉलेजातून आली की ती माझ्या खोलीत यायची. मी खिडकीजवळच्या खुर्चीत, ती पलंगावर मांडी घालून. ती मोठ्याने वाचायची आणि मी मध्ये मध्ये अडवायची. “थांब, हा कोण बोलतोय?” “राजा गं आजी.” “मघाशी मेला तो?” “तो सेनापती! आणि तो अजून मेलेला नाही.”

मला अक्षरं आली ती एकोणसाठाव्या वर्षी, आणि ती ह्याच मुलीने शिकवली. ती दुसरीत होती. मला पाटीसमोर बसवून कान पिळायची. त्याआधी चाळीस वर्षं मी आणि माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, लाँड्री चालवली, पण वाचता दोघांनाही येत नव्हतं. दीडशे घरांचे कपडे एका भट्टीत जायचे आणि एकही कपडा चुकत नव्हता, कारण प्रत्येक घराचा एक रंगीत दोरा होता. कॉलरच्या आत दोन टाके. वकिलांचा लाल, दातांच्या डॉक्टरांचा निळा, त्यांच्या भांडकुदळ भावाचा निळ्यावर पिवळा.

तर नाटकातली माणसं ध्यानात राहीनात तेव्हा मी नातीला म्हटलं, “ह्यांना दोरे लाव.” तिला आधी हसू आलं, मग पटलं. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही खुणांची यादी केली. राजा लाल, राजपुत्र पिवळा, त्याची बायको हिरवी, राजपुत्राला लहानाचं मोठं केलेली दाई निळी, सेनापती करडा. ज्या पानावर जो माणूस महत्त्वाचा, त्याचा टाका पानाच्या कडेला. आणि जिथे कुणी खोटं बोलत असेल तिथे काळ्या दोऱ्याची गाठ. दोन अंक संपेपर्यंत ती वही झालरीसारखी दिसायला लागली. सरांनी ती वर्गात फिरवली. नात घरी येऊन म्हणाली, “सर विचारत होते, ही युक्ती कुणाची? मी सांगितलं, माझ्या इस्त्रीआजीची.” त्या दिवशी मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

मग विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून दीड महिना आमच्याकडे. नात त्यांना शाळाआजी म्हणते. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तसं लिहीन असा मला भरवसा नाही. चष्म्याला साखळी, साडीला पिन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “समजलं?”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही हातात घेतली.

“अगं, ही वही आहे की गोधडी?”

“खुणा आहेत त्या, शाळाआजी.”

“खुणा कपड्यांना असतात. परीक्षेत दोरे विचारत नाहीत. मुद्दे विचारतात. समजलं?” मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, “विहीणबाई, तुम्ही आता जरा आराम करा. इतके दिवस तुम्ही सांभाळलंत.”

सांभाळलंत! जसं काही मी कुणाचं सामान राखत बसले होते.

तिसऱ्या अंकापासून वाचन जेवणाच्या टेबलावर व्हायला लागलं. माझ्या खोलीतला पलंग दुपारी रिकामा. मी खिडकीजवळ बसून कान टेबलाकडे लावायची. भाजी निवडायला म्हणून तिकडे जायची, आणि भाजी निवडून झाली की निवडलेलीच पुन्हा निवडायची. एकदा सूनबाई म्हणाली, “आई, ही मेथी आता टक्कल पडलेली दिसते.” मला हवं होतं ते एवढंच, की त्या मुलीने दुपारी माझ्या खोलीत यावं आणि विचारावं, आजी, तुला काय वाटतं? अक्षरं आल्यापासूनच्या नऊ वर्षांत माझ्याकडे तेवढंच एक आलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर गेलं होतं.

तिसऱ्या अंकात दाईचा प्रसंग आहे. राजपुत्र छावणीत झोपलेला असतो. त्याच्या बायकोचा निरोप घेऊन जासूद येतो, शत्रूने ओढ्यात विष कालवलं आहे, पाणी पिऊ नका. निरोप दाईच्या हाती पडतो. दाई त्याला उठवत नाही. पहारेकऱ्याला म्हणते, पहाटे मीच सांगेन. पण पहाटे तिचा डोळा लागतो आणि राजपुत्र उठून ओंजळभर पाणी पितो.

नातीने विचारलं, “जिने त्याला वाढवलं ती असं का करेल?”

मी तोंड उघडलं. पण त्याआधी टेबलावरून उत्तर आलं. “लिही. दाईच्या ठायी सत्तेची सुप्त लालसा होती. स्वल्पविराम. तिच्या स्वभावातील हा दोषच शोकांतिकेला कारणीभूत ठरतो.”

“लालसा म्हणजे तिला राणी व्हायचं होतं?”

“तसं नाही गं. लिही तू, मग समजावते.”

मुलीने लिहिलं. सुंदर अक्षरात, सहा पानं, एकही टाका नाही. आणि त्यातलं एक वाक्यही तिचं नव्हतं. हे मला दिसत होतं. पण ते दिसल्याने मला जो राग आला, तो मुलीच्या भल्यासाठी आला होता असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. मला बघवत नव्हतं, बस्स. त्या दोघी एका पानावर डोकी वाकवून बसायच्या, आणि मुलीच्या केसांची बट विहीणबाई मागे सारायच्या.

बुधवारी विहीणबाई आणि नात चष्म्याच्या दुकानात गेल्या. घरात मी एकटी. वही टेबलावर. मी सुई घेतली, काळा दोरा ओवला, आणि त्या सहाही पानांच्या कडेला एकेक गाठ घातली. भट्टीत उकळली तरी सुटणार नाही अशी, दुहेरी पिळाची. कितीतरी दिवसांनी हात इतका स्थिर होता.

माझा हिशोब असा होता, की वही जमा करायची असते शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी मुलगी वही उघडेल, गाठी बघेल, ही वाक्यं आपली नाहीत हे मनात उमजेल, आणि ती पानं फाडून माझ्या खोलीत येईल.

सरांनी वह्या गुरुवारी सकाळीच मागितल्या.

दुपारी ती आली तेव्हा मी दारातच होते. तिने चपला काढल्या नाहीत. वही टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर नुसती बसली. विहीणबाई आतून आल्या. “काय गं, चेहरा का असा? काय म्हणाले सर?”

“सर म्हणाले, तुझ्याच यादीप्रमाणे काळी गाठ म्हणजे इथे कुणीतरी खोटं बोलतंय. सहा पानांवर गाठी आहेत. कोण खोटं बोलतंय?”

“कसल्या गाठी?” विहीणबाईंनी चष्मा चढवला आणि पान उघडलं.

“मला माहीतच नव्हतं. मग ते म्हणाले, बरं, दाईबद्दल तुला काय वाटतं ते वही न बघता सांग. मी म्हटलं, सत्तेची सुप्त लालसा. ते म्हणाले, म्हणजे काय? मला सांगताच येईना. सगळा वर्ग बघत होता.” तिने पानांकडे बोट केलं. “ही सहा पानं रद्द. सोमवारपर्यंत एकटीने पुन्हा लिहायची. नाहीतर पंचवीसपैकी शून्य.”

विहीणबाईंनी गाठीवरून बोट फिरवलं, मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. ती गाठ घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

“म्हणजे मी खोटारडी?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलं नाहीत, शिवलंत! बत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, विहीणबाई.”

“आणि बत्तीस वर्षं सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं असेल.”

“निदान ते वाक्य तरी होतं! दोरे नव्हते!”

“हो का? मग त्या वाक्याचा अर्थ का नाही सांगता आला पोरीला?”

“कारण अर्थ सांगायच्या वेळी तुम्ही मेथी घेऊन कानाशी बसायचात!”

“बास!” नात म्हणाली. ओरडून नाही, आणि म्हणूनच आम्ही दोघी थांबलो. ती माझ्याकडे वळली. “आजी, तू का केलंस?”

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तुझ्या भल्यासाठी. सरांचा नियम मोडत होता म्हणून. खरं ते खरं म्हणून. तिन्ही चांगली होती, विहीणबाईंनी लिहून घेतली असती अशी. पण ती मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने तिने मला एकदा ‘क्ष’ लिहायला लावला होता, अकरा वेळा.

“तू तिच्याजवळ बसायचीस,” मी म्हटलं, “ते मला बघवत नव्हतं.”

ती वही उचलून उठली.

“दाईने त्याला का उठवलं नाही ते मला आता कळलं,” ती म्हणाली. “तिला विष वगैरे काही नको होतं. तेव्हाच उठवलं असतं तर जासूदाने तो निरोप बायकोच्या नावाने दिला असता. तिला फक्त तो स्वतःच्या तोंडून द्यायचा होता. पण हे मी कुणाला विचारून लिहिणार नाही. तुलाही नाही, शाळाआजीलाही नाही.”

तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार ते दार दुपारभर बंद होतं. आतून तिचा वाचतानाचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. विहीणबाई माझ्याशी फक्त सुनेमार्फत बोलायच्या. “त्यांना विचार, मीठ हवंय का.” मीठ माझ्या हाताशीच असायचं.

सोमवारी सरांनी पानं स्वीकारली. किती गुण मिळाले ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “पास झाले.” मंगळवारी ती मैत्रिणीकडे गेली आणि वही टेबलावर राहिली.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा विहीणबाई आधीच टेबलाशी उभ्या होत्या.

“मी उघडत नव्हते,” त्या म्हणाल्या. पाच दिवसांत माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

“मी कुठे काय म्हटलं?”

“तुम्ही कशाला आलात?”

“पाणी प्यायला.”

त्या बसल्या. मग मीही बसले, समोरच्या खुर्चीत. वही मधोमध. मला आता वाचता येतं, सावकाश पण येतं. सहा पानं वाचायला मला अर्धा तास लागला असता. त्यांना पाच मिनिटं. ती पाच मिनिटं त्यांना मिळू द्यायची माझी तयारी नव्हती, आणि तो अर्धा तास मला मिळू द्यायची त्यांची.

“चहा करता का, विहीणबाई?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही करा की.”

दोघीही उठलो नाही. दीड तासाने मुलगी घरी आली. तिने दारातून आम्हाला पाहिलं, वही पाहिली, टेबलापाशी आली आणि ती उचलून काखेत घेतली.

“कुणी उघडली?”

“कुणी नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि दोघीही खरं बोलत होतो.