बाबांच्या बुटांतलं माप

आमच्या घरात न बसणारी वस्तू ठेवत नाहीत. हा नियम आईचा. पस्तीस वर्षं तिने गावभरच्या बायकांचे कपडे शिवले, आणि तिचं म्हणणं असं की जो कपडा बसत नाही तो कपाटात जागा अडवतो आणि डोक्यातही. ज्याला बसेल त्याला द्यावा आणि मोकळं व्हावं. बाबा गेल्यावर महिन्याभरात तिने त्यांचे सदरे, दोन कोट, वाचायचा चष्मासुद्धा योग्य माणसं शोधून देऊन टाकला. उरली ती मोटरसायकल, बुटांचा एक जोड आणि तिने स्वतः शिवलेलं जाकीट.

जाकिटाची गोष्ट आधी सांगायला हवी. तीस वर्षं आई बाबांच्या मागे बसून हिंडली. बाबा सहा फूट दोन इंच, आई पाच फुटाला टेकलेली. त्यामुळे तिने जे काही जग पाहिलं ते डावीकडचं आणि उजवीकडचं. समोर कायम बाबांची पाठ. शेवटी वैतागून तिने त्यांच्या जाकिटाच्या पाठीवर निळ्या दोऱ्याने वेलबुट्टी भरली. "तासन् तास हेच बघायचंय, तर निदान बघण्यासारखं असू दे," म्हणाली. लोकांना ती फॅशन वाटायची. बाबा जमिनीची मोजणी करायचे. धुळीने माखलेल्या त्या माणसाच्या पाठीवर निळी फुलं बघून शेतकरी गोंधळून जायचे. जाकीट आईने कोणाला दिलं नाही. मी विचारलंही नाही.

मोटरसायकल लांबच्या प्रवासाची होती. बाबांनी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कोणाची वापरलेली घेतली होती. भली मोठी टाकी, मागे दोन पेट्या, पुढे उंच काच. मी उंचीने आईवर गेले. गाडीवर बसले की माझ्या पायांचे अंगठे जमिनीला जेमतेम शिवायचे, टाचा हवेतच. हँडलपर्यंत पोचायला मला टाकीवर ओणवं व्हावं लागायचं.

"येत्या रविवारी दहाला दीपस्तंभ येतायत," आई म्हणाली. दीपस्तंभ म्हणजे आमचे शेजारी. बाबांपेक्षाही बोटभर उंच, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. "त्यांना बसते गाडी. तोवर तुला बसली तर ठेव. नाहीतर जाऊ दे त्यांच्याकडे."

"आठ दिवसांत?"

"मी एका रात्रीत लग्नाचे तीन झगे दिलेत."

गाडी मला कशासाठी हवी होती ते मी तिला सांगितलं नव्हतं. मला तिला मागे बसवून मावशीकडे न्यायचं होतं. बाबांनी नकाशावर तो रस्ता पेन्सिलीने आखून ठेवला होता, घाटातल्या थांबण्याच्या जागांसकट. बाबा गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत आई औषधांच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. मावशी फोनवर बोलवायची, आई "बघू" म्हणायची. बसने जायचं म्हटलं तर बस लागते म्हणायची, कोणाच्या मोटारीने जायचं म्हटलं तर कोंडतं म्हणायची. मोटरसायकलबद्दल तिने अजून कुठलीच सबब शोधली नव्हती, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी ग्रंथालयात काम करते. त्यामुळे आधी वाचलं. गाडीची पुस्तिका तीनदा, शिवाय बुटक्या चालकांनी लिहिलेलं जे जे मिळालं ते सगळं. आई म्हणाली, "वाचून कोणी पोहायला शिकलं नाही." मग मी बाबांच्या मेकॅनिकला गाठलं.

त्यांना सगळे सावकाशकाका म्हणतात. कुठलाही नट फिरवण्याआधी ते "सावकाश" म्हणतात. नटाला की स्वतःला, कळत नाही. दोन दारांची लांबट शेड, एका दारात ते आणि दुसऱ्यात गादीवाला, जो सीटा बनवतो. दोघांत हवेचा पंप एक आणि रेडिओ एक, आणि भांडण रेडिओवरून.

सावकाशकाकांनी हँडलखाली ठोकळे बसवून ते वर आणि माझ्याकडे घेतलं. क्लचची दांडी बोटांजवळ आणली, मागची स्प्रिंग मऊ केली. गादीवाल्याने मला गाडीवर बसवलं, पाय सोडायला लावले, खाली वाकून बघितलं आणि सीटचा फोम कापला. बुधवारी संध्याकाळी गाडी तयार होती. मी बसले, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. गादीवाल्याने स्वतःसाठीच टाळी वाजवली.

घरापर्यंतचा रस्ता तीन किलोमीटर. पावणेतीन किलोमीटर मी राणीसारखी आले. मग आमच्या फाटकापाशी वळताना गिअर कमी करायला गेले, तर पायाला गिअर लागेना. गाडी आचके देऊन बंद पडली, मी घाईने पाय टेकवला. म्हणजे बूट टेकला. पाय बुटात अजून वाटेतच होता. गाडीने सावकाशकाकांच्या वेगाने बसकण मारली. मी बाजूला होऊन ते बघत उभी राहिले.

आई खिडकीत होती. खाली आली. गाडीकडे तिने पाहिलंही नाही.

"लागलं?"

"नाही."

"हे बूट कोणाचे?"

"बाबांचे."

"ते दिसतंय. तुझ्या पायात काय करतायत?"

खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. बुटांचा तळ जाड होता, आत दोन जोड मोजे घातले की मी दीड इंच उंच व्हायचे. आणि नुसतं उंचीचं नव्हतं. पहिल्या दिवशी शेडमध्ये जाताना मी ते घातले ते घाबरून. ते घातल्यावर कमी घाबरायला झालं.

"आणि हे घालून माप दिलंस?"

"हो."

आई फाटकाच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडते. ती हसत होती, आवाज न करता, पदराने तोंड दाबून. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"एक जमिनी मोजणारा, एक माणसं मोजणारी," ती म्हणाली, "आणि पोटी ही. माझ्याकडे एक बाई यायची, पोट आत ओढून माप द्यायची. तिचा एकही ड्रेस तिने श्वास घेतल्यावर बसला नाही." डोळे पुसून ती उठली. "माप देताना माणसाने आपल्याच पायात असावं. काढ ते. आणि उचल ती गाडी, मी मागून धरते."

शुक्रवारी ती माझ्याबरोबर शेडमध्ये आली. रिक्षाने, गळ्यात टेप, पर्समध्ये खडू. गाडी मी सकाळीच नेऊन ठेवली होती. सावकाशकाकांनी तिला बघून रेडिओ बंद केला.

"वहिनी, तुम्ही? या, या."

"माझ्याकडून गेलेला कपडा चुकला की मी गिऱ्हाइकाला परत बोलावते, भाऊ. तुम्ही आलात का बघायला?"

"आम्हाला आजच कळलं."

"हो, तुम्हाला सगळं सावकाशच कळणार."

गादीवाला खुदकन हसला, आणि पुढचा नंबर त्याचा लागला. आईने मला भिंतीशी उभं करून मांडीच्या आतून टाचेपर्यंत माप घेतलं, एकदा अनवाणी, एकदा माझ्या स्वतःच्या बुटांत. मग गाडीवर बसवलं आणि शेडभर चक्कर मारून मला चारी बाजूंनी बघितलं. पुस्तकात लिहिलेलं सगळं मला पाठ होतं. ती जे बघत होती ते त्यात नव्हतं.

"सीट उंच नाही," ती म्हणाली. "घेर जास्त आहे. पाय फाकतो म्हणून आखूड पडतो. पुढून दोन्ही बाजूंनी टक्स घेऊन अरुंद करा."

"ताई, फोमला टक्स?" गादीवाला म्हणाला.

"कापडाला घेता येतो, फोमला काय धाड भरलीय?" तिने सीटवर खडूने दोन तिरप्या रेघा ओढल्या. "इथून इथवर. आणि मध्ये हा खड्डा केलाय तो भरा. बसायची जागा आहे, पाणी साठवायची नाही."

गादीवाल्याने वीस वर्षं सीटा बनवल्या होत्या. त्याने रेघांकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, पुन्हा रेघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने सुरी घेतली.

"आता डोळे मिट," आई मला म्हणाली. "हात पुढे कर. ताणू नकोस. मशीनवर कापड धरतेस तसे." हात जिथे थांबले तिथे तिने हवेत खडू धरला. "भाऊ, हँडल इथे हवं."

"ठोकळे बसवलेत, वहिनी. चांगले आहेत."

"असतील. चुकीच्या जागी चांगले आहेत."

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "त्या गादीवाल्याचा हात बरा आहे. फक्त त्याला कोणी टोकत नाही." आणि घरी येऊन तिने चहाऐवजी आधी जेवायला मागितलं.

रविवारी सकाळी सावकाशकाकांनी फक्त आमच्यासाठी शेड उघडली. ट्रायल झाल्याशिवाय कपडा घरी न्यायचा नाही, हा आईचा दुसरा नियम. मी माझ्या बुटांत बसले. सीट मांड्यांच्या मधे अरुंद झाली होती, पाय सरळ खाली उतरत होते. कोपर सैल, पाठ ताठ. पायाला गिअर लागत होता. मी तशीच बसून राहिले. कोणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं की वाटतं, तसं वाटत होतं.

आईने खाली वाकून माझ्या टाचेखाली लाकडी पट्टी सरकवली. पट्टी सहज आत गेली.

"अर्धा इंच," ती म्हणाली.

"आणखी कापलं तर खालचा पत्रा लागेल," गादीवाला म्हणाला.

"ही दोन्ही बाजूंना भरवशाने टेकली नाही तर लांब जाता येणार नाही. गाडी जड आहे."

सव्वानऊ झाले होते. दीपस्तंभ एव्हाना हेल्मेट पुसत असणार. सावकाशकाका फडक्याने हात पुसत होते, बराच वेळ, एकेक बोट.

"एक सांगू का? आपण रिकामी गाडी मापतोय. मागे कोणी बसलं की ती दबते. बोटभर तरी."

मी मुद्दाम टाकीकडे बघत राहिले.

"मग मागे वाळूची गोणी बांधा," आई म्हणाली.

"आहे की. पन्नास किलोची."

आईने गोणीकडे पाहिलं. "मी बावन्न आहे."

"शिवाय गोणीला धरून बसता येत नाही, वहिनी. वळणावर सरकते."

"तुम्ही नटच फिरवा," ती म्हणाली. पण टेप गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवला होता. मग माझ्या खांद्यावर डावा हात आला, एक पाय पायदांडीवर, आणि ती वर होती. तीस वर्षांची सवय. शरीराला विचारावं लागलं नाही. गाडी खाली बसली. माझ्या टाचा जमिनीला लागल्या, पूर्ण, दोन्ही. सावकाशकाकांनी पट्टी सरकवून बघितली. ती बुटाला अडली.

"जाऊन या," ते म्हणाले. "सावकाश."

"एवढ्यात कुठे?" आई म्हणाली.

"ट्रायल," मी म्हणाले, आणि तिला दुसरी सबब सुचायच्या आत क्लच सोडला.

आम्ही पुलावरून टेकडीच्या रस्त्याला लागलो. तिसऱ्या वळणावर आईने माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब."

मी कडेला घेतली, दोन्ही पाय टेकले. "दुखतंय का? घाबरलीस?"

तिने हेल्मेटची काच वर केली. समोर रस्ता उतरत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग झाडांत शिरून पलीकडे पुन्हा निघत होता, अगदी लहान, ओढ्याच्याही पुढे. माझ्या डोक्यावरून तिला ते सगळं दिसत होतं.

"हे कायम समोर असायचं?" तिने विचारलं.

"काय?"

"हे. रस्ता." ती बघत राहिली. "तुझे वडील मला तोंडी सांगायचे. आता मोठं वळण येतंय, आता पूल, आता नदी दिसेल बघ. मला वाटायचं माझी सोय बघतायत. तीस वर्षं हा माणूस एकटाच बघत होता."

ती हसली. मग काच खाली करून घेतली, आणि मी आरशातून नजर काढली.

"तुझ्या जाकिटावर काही भरायला नको," ती थोड्या वेळाने मागून म्हणाली. "तुझ्यावरून दिसतं. चल. आता डावं वळण आहे."

"मला दिसतंय, आई."

"असू दे. मला सांगायचंय."

घरी आलो तेव्हा दीपस्तंभ फाटकापाशी उभे होते, काखेत हेल्मेट. आई उतरली, केस नीट केले आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला ही आता नाही बसायची. कापून झाली."

त्यांनी सीटकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. "खरंच की. माझे गुडघे कानाला लागतील." ते मनापासून हसले, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. आईलाही वाटलं असावं.

"तुमच्या पायाचा नंबर काय?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, थांबली, वाट बघितली. मी मान हलवली आणि आत जाऊन बूट आणून दिले. त्यांनी पायरीवर बसून घातले. नाडी बांधली, उभे राहिले, दोन पावलं टाकली.

"बसले," ते म्हणाले.

ते निघाले. त्या तळव्यांचा फरशीवरचा आवाज आम्हा दोघींना पाठ होता. पलीकडचं फाटक लागेपर्यंत आम्ही तो ऐकला.

"मावशीला फोन कर," आई म्हणाली. "म्हणावं, येत्या शनिवारी निघतोय. आणि तो नकाशा काढ. थांबायच्या जागा मी ठरवणार."