जॉयलच्या तोंडून

इंग्रजी संभाषणाचा तास मंगळवारी दुपारी असायचा. बाहेर नव्या इमारतीचं काम चालू होतं, त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून फ्रेडरिक सर आत आले की दाराला कडी घालायचे. कडी लागली की हेमांगी घड्याळाकडे बघायची. पुढची पन्नास मिनिटं फक्त इंग्रजी, असा नियम होता. सर रागीट नव्हते. उलट फार चांगले होते. कुणी अडखळलं की मान हलवत हसून थांबायचे आणि म्हणायचे, "ट्राय, ट्राय." त्या थांबण्याचीच हेमांगीला जास्त भीती वाटायची.

ती चांदीप गावची. दोन बस बदलून वसईच्या कॉलेजात यायची. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. गावातल्या शाळेत वर्गात सगळ्यांत जास्त बडबड तिचीच असे. अकरावीला या कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने शेजारच्या मुलीकडे "पानी" मागितलं. ती मुलगी मागे वळून मैत्रिणींना म्हणाली, "ए, हिला पानी हवंय, पानी." सगळ्या हसल्या. बाटलीही दिली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर हेमांगी प्रत्येक शब्द बाहेर काढण्याआधी मनातल्या मनात तपासू लागली. तपासून होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मराठीची ही गत, तर इंग्रजीचं काय सांगायचं.

लिहायला मात्र तिचा हात थांबत नसे. कागदावर तिची इंग्रजी वाक्यं सरळ, नीट यायची. कागद हसत नाही.

प्रत्येक तोंडी परीक्षेला वीस गुण होते आणि ते गटाला मिळायचे. हेमांगीच्या गटात संजना आणि जॉयल. जॉयल भुईगावचा. रविवारी चर्चमध्ये वाचन करायचा, त्यामुळे आवाज कमावलेला, उच्चार स्वच्छ. लिहायचा कंटाळा. तिघांचं आपोआप जुळून गेलं. हेमांगी लिहायची, जॉयल बोलायचा, संजना चित्रं दाखवायची. हेमांगी सुरुवातीला "गुड मॉर्निंग" आणि शेवटी "थँक यू" म्हणायची. तीन वेळा असंच पार पडलं. तिला ते बरंच वाटायचं. आपली वाक्यं कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणतंय, वर्ग ऐकतोय आणि आपल्याकडे कुणी बघत नाहीय.

चौथ्या वेळी सरांनी विषय दिला, घरातलं एक माणूस. हेमांगीने एका बैठकीत वडिलांवर लिहिलं.

तिचा बाप काळूराम वालीवला एका कारखान्यात, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर होता. शेती होती, पण ती घरच्या भातापुरती. मागच्या वर्षी मशीनची पुढची जाळी, हात आत जाऊ नये म्हणून असते ती, सैल झाली. त्याला सोमवारी कळलं होतं. सुपरवायझर नवा, हिंदीत भराभर बोलणारा. काळूरामने तीन दिवस मनात वाक्य जुळवलं. गुरुवारी डाव्या हाताची दोन बोटं गेली; कुठला हात, ते मात्र कागदावर आलं नाही. हेमांगीने लिहिलं, 'वाक्य तयार होतं, फक्त ते बोलण्याइतकी हिंदी माझ्या वडिलांकडे नव्हती.'

जॉयलने कागद वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"भारी लिहिलंयस गं. पण मी 'माय फादर' असंच म्हणतो. 'हेमांगीचे बाबा' म्हटलं तर सर विचारणार, मग ती का नाही बोलत?"

"हो," हेमांगी म्हणाली. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

मंगळवारी जॉयल उभा राहिला आणि फारच छान बोलला. मागच्या बाकावरच्या मुलांनीही मोबाइल खाली ठेवले. हेमांगी बाजूला उभी राहून खाली बघत होती. आपल्या ओट्यावर, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसलेला बाप आता चाळीस जणांसमोर आला होता, आणि तो जॉयलचा बाप झाला होता.

संपल्यावर सर उठले. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी जॉयलच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत विचारलं, "आता कसे आहेत वडील? कुठल्या हाताला लागलं?"

"राइट हँड, सर," जॉयल म्हणाला. मग सर अजून काही ऐकायला थांबलेत असं वाटून त्याने पुढे जोडलं, की आता ते काम करू शकत नाहीत, दिवसभर घरी बसून असतात.

त्या क्षणी काळूराम वालीवला त्याच मशीनपुढे उभा होता. जेवणाच्या सुट्टीनंतरची पाळी सुरू झाली असणार.

"लेफ्ट," हेमांगी म्हणाली.

सर वळले. "पार्डन?"

"लेफ्ट हँड, सर."

"हाउ डू यू नो, हेमांगी?"

अख्खा वर्ग तिच्याकडे बघू लागला. चार शब्दांचं उत्तर होतं. ते तिला दिसतही होतं, लिहिल्यासारखं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. सर मान हलवत हसून थांबले. शेवटी संजनाच नियम मोडून मराठीत म्हणाली, "सर, ते हिचे बाबा आहेत. सगळं हीच लिहिते. नेहमी."

जॉयलने मान खाली घातली. सर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या मंगळवारी ही गोष्ट हेमांगी सांगेल. तिचे वडील, तिचा आवाज." कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा वर्ग वाजवू लागला. चालेल का, असं तिला कुणी विचारलं नाही.

फाटकाशी जॉयलने तिला गाठलं. "सॉरी गं. ते घरी बसून असतात वगैरे माझ्या तोंडातून कसं निघालं, मलाच कळलं नाही. तुला बोलायला शिकवू का? रोज अर्धा तास बसू."

"नको."

"मग तू करणार काय?"

ती बस पकडायला गेली.

तो आठवडा ती जिथे जाईल तिथे मंगळवार तिच्याबरोबर होता. भांडी घासताना, बसमध्ये, गोठ्यात. रविवारी सकाळी मागच्या अंगणात कपडे धुताना ती पुटपुटत होती, तेव्हा काळूराम बादली घेऊन आला.

"कोनाशी बोलते गो?"

"कोनाशी नाय. कालेजात बोलायचं हाय. तुज्या हाताचं."

त्याने बादली खाली ठेवली. "माज्या हाताचं? त्यात काय सांगासारखं हाय?"

तिने सगळं सांगितलं. जॉयलचं, सरांचं, टाळ्यांचं. लिहिलेलं मराठीत करून वाचूनही दाखवलं. तो ऐकत राहिला. चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना.

"येक गोष्ट खोटी हाय त्यात," तो म्हणाला आणि त्याने आवाज खाली आणला. "हिंदी येत नव्हती म्हनून बोललो नाय, असं नाय. वाक्य झालं होतं पाठ. बुधवारी गेलो होतो त्याच्या टेबलाशी. त्यानं मान वर केली, बोलला, 'क्या है?' आन मी बोललो, 'कुछ नहीं.'"

"का?"

"तेच तर मलाबी कलत नाय." त्याने बादली उचलली. "तुजी आई सोडून कोनाला म्हाईत नाय हे."

तो गेला. हेमांगीच्या हातातल्या कपड्यातून पाणी निथळत राहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, भाषा नीट आली की सुटका होईल. बापाकडे तर भाषा होती.

मंगळवारी सकाळी ताप आलाय असं सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण मग त्याच्या पुढच्या मंगळवारी बोलावंच लागलं असतं. ती गेली. कडी लागली. सरांनी तिचं नाव घेतलं.

ती पुढे उभी राहिली. माझे वडील वालीवला काम करतात, ती इंग्रजीत म्हणाली. ते प्रेस मशीनवर आहेत. मशीनची जाळी सैल झाली होती. त्यांना ते माहीत होतं.

चार वाक्यं झाली. आवाज कापरा होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. पहिल्या बाकावर जॉयल हात घट्ट जुळवून बसला होता. पाचवं वाक्य, हिंदी नव्हती ते, लिहिलेलं होतं, पण ते खोटं होतं. खरं होतं ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

"टेक युअर टाइम," सर म्हणाले.

कुणीतरी पेनाचं टोपण काढत घालत होतं. सर हसून वाट बघत होते. वर्गही वाट बघत होता, अगदी प्रेमाने.

"आय डोन्ट वॉन्ट टू टेल इट हिअर, सर," हेमांगी म्हणाली.

वाक्य अचूक होतं. ते तिने तपासलं नव्हतं, जुळवलंही नव्हतं. सरांचं हसू मावळलं. "ओके," ते म्हणाले, "ओके. सिट डाउन."

त्यांनी वहीत वीसपैकी आठ गुण लिहिले. खाली बसताना, त्या घटकेला तरी, हेमांगीला आठ गुणांचं काहीच वाटलं नाही. मोकळं मात्र वाटलं, शाळेत असताना वाटायचं तसं.

मग सरांनी खडू उचलला. झाल्या प्रकारावरून एक ठरवलंय, ते म्हणाले. यापुढे गट नाहीत. प्रत्येकाने एकट्याने बोलायचं, दर मंगळवारी पाच जण, वर्ष संपेपर्यंत. दहापेक्षा कमी गुण चालणार नाहीत आणि ज्यांचं बोलणं अपुरं राहिलं त्यांना आणखी एक संधी. त्यांनी फळ्यावर पुढच्या वेळचा विषय लिहिला, 'माय संडे', आणि त्याखाली पाच नावं. पहिलं हेमांगीचं होतं.

"हॅपी?" त्यांनी तिला विचारलं. त्यांना खरंच वाटत होतं की तिला आनंद होईल.

तिने मान डोलावली. वही उघडून तारीख टाकली आणि लिहायला लागली. तीन ओळी सरसर झाल्या. मग हे सगळं उभं राहून म्हणायचंय हे तिला आठवलं आणि चौथ्या ओळीवर पेन थांबलं.