रिकाम्या डब्याचा गुन्हा

डबा आला तेव्हा वहिनींना तो आवडला होता, ही गोष्ट पुन्हा घरात कोणी काढायची नाही असं नंतर ठरलं. पण आवडला होता हे खरं. तपकिरी रंगाचा, कमरेइतका उंच, खाली दोन चाकं, आणि झाकण इतकं घट्ट की बंद करताना आतली हवा सुस्कारा टाकायची. झाकणावर एका हसऱ्या गांडुळाचं चित्र होतं. महापालिकेची दोन माणसं तो खाणावळीच्या दाराशी ठेवून, सही घेऊन गेली. शहरातल्या प्रत्येक धंदेवाल्याने आपला ओला कचरा त्यात टाकायचा, आठवड्यातून एकदा गाडी येऊन तो वजन करून नेणार आणि त्याचं खत होणार. हे सक्तीचं होतं. न करणाऱ्याला आधी पिवळा कागद, मग लाल कागद, आणि लाल कागद दारावर लागला की शटर खाली.

"चांगलंच आहे की," वहिनी म्हणाल्या. "लोकांना शिस्त लागेल." आपण त्या लोकांत मोडतो असं त्यांना वाटलंच नाही.

वहिनी ही त्यांची पदवी. खाणावळ बस डेपोच्या समोर होती आणि ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट तपासनीस, डेपोचे साहेब असे सगळे त्यांना वहिनीच म्हणत. सख्खा दीर तेवढा नावाने हाक मारायचा, पण त्याचं आणि त्यांचं कधी पटलं नाही.

या खाणावळीत ताट मागायची पद्धत नव्हती. भूक सांगायची. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की वहिनी शेगडीपासूनच विचारायच्या, "किती?" आणि त्याने पाव, अर्धी, पाऊण किंवा पूर्ण असं सांगायचं. तेवढंच वाढलं जायचं. लागलं तर पुन्हा मागा, कोणी नाही म्हणत नव्हतं. पण पूर्ण भूक सांगून ताटात टाकणाऱ्याची खैर नसे. पुढच्या खेपेपासून त्याची भूक वहिनी ठरवत, आणि त्यावर अपील नव्हतं. एका तपासनीसाला त्यांनी असाच बरेच दिवस अर्ध्या भुकेवर ठेवला होता. त्याचं पोट उतरलं आणि त्याची बायको आभार मानायला आली.

राहिली स्वयंपाकघरातली सालंदेठं. ती सूपच्या मोठ्या पातेल्यात उकळायची. उकळून उरलेला चोथा मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना. कोंबड्यांची अंडी पुन्हा खाणावळीत, आणि टरफलं व चहाचा गाळ वहिनींच्या नवऱ्याच्या टोमॅटोच्या कुंड्यांत. टोमॅटो पुन्हा सूपमध्ये. वहिनींना हे काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या मते टाकणं हा आळशी माणसाचा उद्योग होता.

त्यामुळे पहिल्या गुरुवारी गाडी आली आणि गाडीच्या दांड्याने डबा उचलून उलटा केला, तेव्हा त्यातून काहीच पडलं नाही. गाडीतल्या वजनाच्या यंत्राने कर्कश शिट्टी मारली. दुसऱ्या दिवशी दारावर पिवळा कागद होता आणि कागदाच्या मागोमाग पालिकेचे साहेब.

साहेब हिरवं जाकीट घालून आले होते, म्हणून ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव तिथल्या तिथे हिरवेसाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. उर्मट माणसाशी भांडता येतं. हिरवेसाहेब मऊ बोलत, मान डोलावत आणि समोरच्याचं ऐकून घेतल्यावर आधी जे म्हणत होते तेच पुन्हा म्हणत. त्यांनी समजावलं की एवढ्या बाकांच्या खाणावळीत एवढा कचरा व्हायलाच पाहिजे, हे तज्ज्ञांनी काढलेलं आहे. होत नसेल तर तो होतोय पण दिसत नाही. दिसत नाही म्हणजे लपवला जातोय.

वहिनींनी त्यांना हाताला धरून आत नेलं म्हटलं तरी चालेल. पातेल्याचं झाकण उघडून दाखवलं. कोंबड्या दाखवल्या. नवऱ्याने उत्साहाच्या भरात एक टोमॅटो तोडून हातात दिला. साहेबांनी सगळ्याचे फोटो काढले, फार कौतुक केलं, आपली आजीही असंच करायची असं सांगितलं, आणि पाऊण भूक सांगून बटाट्याचं सूप व पाव खाल्ला. ताट लख्ख केलं. मग हात पुसत म्हणाले, "अडचण एवढीच आहे की यंत्रात शून्य बसत नाही."

"म्हणजे?"

"शून्य टाकलं की ते पुढेच जात नाही. काहीतरी आकडा लागतो."

"मग काय करू? चांगलं अन्न टाकू?"

"मी तसं म्हणणार नाही," साहेब म्हणाले. "पण वहिनी, थोडं वाया गेलं तर बिघडलं कुठे? शेवटी खतच होणार आहे."

हे वाक्य वहिनींच्या डोक्यात गेलं ते गेलंच. दिवसभर त्या पोळपाटाशी, शेगडीशी, गिऱ्हाइकांशी तेच बोलत राहिल्या. बिघडलं कुठे म्हणे. कांदा निवडताना बिघडलं कुठे, पाव कापताना बिघडलं कुठे. एका कंडक्टरने चुकून पावाची कड सोडली तर त्याच्यावर अशा काही उसळल्या की तो बिचारा उभ्याने कड खाऊन गेला.

नवऱ्याने एक मार्ग सुचवला. शेजारच्या बेकरीवाल्याचे तीन तीन डबे भरून वाहत होते. शिळे केक, करपलेले पाव, न खपलेली क्रीमची बिस्किटं. त्यातलं बादलीभर आपल्या डब्यात टाकलं तर दोघांचंही भागेल. बेकरीवाला तयारही होता. पण चौकशी केली तेव्हा कळलं की दुसऱ्या धंद्याचा कचरा आपला म्हणून दाखवणं हा रिकाम्या डब्याहून मोठा गुन्हा आहे. शिवाय बेकरीवाल्याला आता कचरा कमी करून चालणार नव्हतं. सगळ्या वॉर्डात सगळ्यात जास्त दिल्याबद्दल त्याचा फोटो पालिकेच्या फलकावर लागला होता. खाली लिहिलं होतं, "यांचा आदर्श घ्या."

"ज्याने टाकलं त्याचा फोटो," वहिनी म्हणाल्या, "आणि ज्याने शिजवलं त्याच्या दारावर कागद. जळो मेलं ते खत."

डबा त्यांनी घासून, उन्हात वाळवून मागच्या खोलीत उभा केला. आपण त्यात काहीही टाकणार नाही, लावू देत लाल कागद, असं जाहीर केलं. जाहीर करताना आवाज खणखणीत होता. पण नंतर त्या एकट्याच एका बाकावर जाऊन बसल्या आणि शटरकडे बराच वेळ बघत राहिल्या, हे नवऱ्याने पाहिलं. सासूबाईंनी सुरू केलेली खाणावळ. आजवर ती एकच दिवस बंद राहिली होती, सासूबाई गेल्या त्या दिवशी.

यानंतर जे घडलं ते फक्त याच घरात घडू शकत होतं.

वहिनींची थोरली नणंद खाणावळीचा बाजार बघायची. वन्सं बोलायला कमी आणि हाताला जास्त. त्या बुधवारी त्यांनी बटाट्याचं पोतं आणलं. मागच्या खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. आणि समोर बघतात तो नवाकोरा, लख्ख घासलेला, घट्ट झाकणाचा एवढा मोठा डबा नुसता उभा. या घरात भांडं रिकामं ठेवायची रीत नव्हती. वन्संनी पोतं डब्यात ओतलं, झाकण लावलं, डब्याने सुस्कारा टाकला, आणि आपण फार शहाणपणाचं काम केलं अशा समाधानात त्या संध्याकाळच्या देवदर्शनाला निघून गेल्या.

गुरुवारी सकाळी डबा बाहेर नेऊन ठेवणं हे नवऱ्याचं काम. त्याने डबा ओढला तर जड. त्याला वाटलं, अखेर हिने माघार घेतलेली दिसते. त्याने विचारलं नाही. बायको हरली असं वाटत असताना कारण विचारू नये, एवढं शहाणपण संसाराने त्याला दिलं होतं. झाकण उघडून तिची आणखी शोभा करणं तर त्याच्या मनातही आलं नाही. त्याने डबा हळूच, आवाज न करता, दाराशी नेऊन ठेवला.

गाडी आली. दांड्याने डबा उचलला. धडाधड आवाज झाला आणि या वेळी यंत्राने शिट्टी न मारता एक गोड सूर लावला.

वहिनी तेव्हा आत कांदा परतत होत्या. परतून झाल्यावर त्यांनी बटाटे मागितले. वन्सं म्हणाल्या, डब्यात आहेत. कुठल्या डब्यात, असं वहिनींनी विचारलं, आणि तेवढ्यात नवरा आनंदाने मोबाइल नाचवत आत आला. पालिकेचा निरोप होता. अभिनंदन, आपली खाणावळ हिरव्या यादीत आली आहे.

तिघेही एकमेकांकडे बघत राहिले. मग कांदा करपला. त्या घरात कांदा करपण्याची ती पहिलीच वेळ.

वहिनी एप्रनसकट वॉर्ड ऑफिसात गेल्या. हिरवेसाहेब त्यांना बघून खुर्चीतून उठले, हात जोडले, चहा सांगितला. म्हणाले, मला खात्री होती, तुमच्यासारखी माणसंच पुढे येतात.

"ते बटाटे होते," वहिनी म्हणाल्या.

"उत्तम. बटाट्याचं खत फार छान होतं."

"अहो साहेब, खायचे बटाटे होते. चांगले. पोतंभर. चुकून गेले. मला ते परत द्या."

साहेबांचा चेहरा खरोखर कष्टी झाला. त्यांनी सांगितलं की गाडीत पडलेली वस्तू पालिकेच्या मालकीची होते, आणि पालिकेची वस्तू कोणाला उचलून नेता येत नाही. खत झाल्यावर मात्र धंदेवाल्यांना ते सवलतीत मिळतं. आणि आता दुसरी एक गोष्ट. पहिला मिळालेला आकडा हाच त्या धंद्याचा नेहमीचा आकडा धरला जातो. तेव्हा दर आठवड्याला साधारण एवढं वजन येत राहावं. फार कमी आलं तर यंत्राला संशय येतो. पिवळा कागद लागून गेलेलाच आहे, त्यामुळे यापुढे थेट लाल.

वहिनींनी चहाला हात लावला नाही. एरवी त्यांनी परक्याच्या घरचाही कप रिकामा केल्याशिवाय खाली ठेवला नसता.

"साहेब, मला एक सांगा. तुम्ही कचरा कमी करायला निघालात की गोळा करायला?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गोळा करायला," ते म्हणाले. "कमी करण्याचं खातं वेगळं आहे. तिथे अजून माणूस नेमलेला नाही."

"आणि मला कचरा करता येत नसेल तर?"

"सगळ्यांना येतो हो," साहेब धीर देत म्हणाले. "सवय नाही तुम्हाला, एवढंच. कुजणारं काहीही चालतं. अन्नच पाहिजे असं नाही."

परतताना वहिनी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेल्या, कारण एवढा संताप घेऊन शेगडीपाशी उभं राहणं बरं नव्हतं. त्या रस्त्यावर पालिकेची बाग होती. आत माळी वाळकी पानं पोत्यांत कोंबत होता. फाटकाशी साधी कचरागाडी उभी होती आणि पोती तिच्यात चालली होती, प्लॅस्टिक आणि फुटक्या काचांच्या सोबतीला, गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. वहिनींनी माळ्याला विचारलं की बाबा, याचं खत का नाही करत? माळ्याने सांगितलं की नियम धंदेवाल्यांना आहे. बाग हा धंदा नाही. पालिकाही धंदा नाही.

वहिनी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पोती मागितली. माळी म्हणाला, भरलेलं पोतं देता येणार नाही, ते सरकारी झालं. पण खाली पडलेलं पान कोणी उचलेपर्यंत कोणाचंच नसतं. हवी तर स्वतः झाडून न्या, मला कंबरेचा त्रास आहेच.

तेव्हापासून गुरुवारी सकाळी खाणावळीचं शटर उशिरा उघडतं. ड्रायव्हर लोक गरम सूप-पावाऐवजी नुसत्या चहावर पहिली फेरी मारतात आणि पालिकेचा उद्धार करतात. डबा बागेत नेताना चाकं खडखडतात. नवरा डबा ढकलतो, वन्सं हातांनी पानं भरतात, आणि वहिनी झाडतात. त्या झाडतात तसं बागेत आजवर कोणी झाडलं नसेल, कारण त्या झाडत नसतात, खराटा हाणत असतात. ज्या नगराने अन्न वाया घालवत नाही म्हणून दारावर कागद लावला, त्याच नगराची पानं फुकट झाडून, त्याच्याच डब्यात भरून, त्यालाच परत द्यायची, म्हणजे मग सूप शिजवायची मुभा. हे त्या दर फटकाऱ्याला म्हणतात. पानं वजनाला हलकी, म्हणून झोडपून, दाबून, वर पाणी मारून भरावी लागतात. तरी काठापर्यंत यायला बागेचा अर्धा भाग लागतो.

परवा हे चालू असताना एक गृहस्थ फेऱ्या मारायला आले. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल, चेहऱ्यावर तब्येतीची काळजी. ते दोनदा जवळून गेले आणि तिसऱ्यांदा थांबले.

"ओ बाई," ते म्हणाले, "मघापासून बघतोय. तुम्ही आपली मधली मधली पानं घेताय. त्या बाकाखाली कोण झाडणार? पगार घेता ना आमच्या करातून?"

नवऱ्याने डबा सोडला आणि बाह्या सरसावल्या. वन्संनी कमरेवर हात ठेवले. आता वहिनी या माणसाला सोलणार आणि त्याची सालंही वाया घालवणार नाहीत, याबद्दल दोघांना शंका नव्हती.

वहिनींनी खराटा उभा धरला. गृहस्थांकडे बघितलं. मग डब्यात बघितलं. अजून वीतभर कमी होतं आणि गाडी यायची वेळ झाली होती.

"कुठल्या बाकाखाली?" त्यांनी विचारलं.